जाहिरात साठवताना कारणही लिही

आवडलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवतोस, चांगलंच आहे. पण नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये टाकताना त्याखाली दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिही: नजर कुठे थांबली आणि का. माझ्याकडे कारण न लिहिलेल्या कितीतरी जाहिराती पडून आहेत. आज बघितल्या तरी काय आवडलं होतं ते आठवत नाही.

अमूलचंच बघ. १९६६ पासून तीच ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी, ताजी घटना आणि शब्दांवरची कोटी. ते होर्डिंग नुसतं ‘अमूल’ टॅगखाली ठेवलंस तर ऐनवेळी सापडणार नाही. ‘बातमीवर कोटी’ असा टॅग दे, ब्रँडचं नाव वेगळ्या रकान्यात. टॅग सुरुवातीला सात-आठच पुरेत. मूळ लिंक आणि तारीख मात्र लगेच टाक. चित्रातली मराठी ओळ टाइपही करून ठेव, म्हणजे शोधल्यावर हमखास सापडेल.