उल्हासनगरात लोक 'कॅम्प नंबर ४' असा पत्ता का सांगतात?

कारण तिथे खरोखरच लष्करी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी 'कल्याण कॅम्प' उभारला. ओळीने लांबलचक बराकी, आणि सगळी वस्ती क्रमांकांनी ओळखली जाणारी. युद्ध संपलं आणि छावणी ओस पडली.

मग १९४७ची फाळणी. सिंधमधून घरदार, जमीनजुमला सोडून आलेल्या हजारो निर्वासितांना सरकारने याच बराकींत ठेवलं. विचार करा, सैनिकांनी चार दिवस पथारी टाकायची ती जागा, तिथे अख्खी कुटुंबं वर्षानुवर्षं राहिली. मध्ये गोणपाट किंवा जुन्या साडीचा पडदा लावायचा, की झालं घर. त्यातूनच लोकांनी पापड-लोणची विकत, शिवणयंत्रं चालवत बाजारपेठ उभी केली. माझ्या मते या जागेचा खरा इतिहास इथेच सुरू होतो, लष्कराचा भाग फार थोडा.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण एक ते पाच हे कॅम्पचे आकडे लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. रिक्षावाल्याला आजही नुसतं 'तीन नंबर' म्हटलं तरी कळतं.