पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर आत घेत नसेल, तर आधी लॉग बघा

सकाळी घरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचा डेस्कटॉप नीट उघडतो, दुपारी तोच पासवर्ड टाकला की ‘खातं लॉक झालं आहे’ असा संदेश येतो आणि सर्व्हर देणारी कंपनी म्हणते, रीस्टार्ट करा. तुम्ही लिहिलेलं हे सगळं मी भोगलंय. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हरचा डेस्कटॉप वापरायची विंडोजची सोय, चालू कसा करायचा ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

तुमच्या पासवर्डात खोट नसावी. 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर यायचं त्याचं दार, सगळ्या जगाला उघडा असला की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) तो हुडकतात आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावावर रात्रंदिवस पासवर्ड लावून बघतात. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपली की विंडोज खातं काही वेळ लॉक करतं, मग खरा मालकही बाहेर. लॉक सुटल्यावर आत जा, इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममधला सिक्युरिटी लॉग उघडा आणि फिल्टर लावून फक्त 4625 क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी बघा.

मला सगळ्यात महाग पडला तो तेव्हाच्या सर्व्हर कंपनीचा सपोर्ट. नाव घेत नाही. जोडणी होत नाही म्हटल्यावर 3389 ‘कुठूनही’ असा त्यांनीच उघडून दिला. पुढे खातं लॉक व्हायला लागलं, तर प्रत्येक तिकिटावर (तक्रारीवर) एकच उत्तर: रीस्टार्ट करा, पासवर्ड बदला. रीस्टार्ट होऊन सगळं जागेवर येईपर्यंत लॉकची मुदत बऱ्याचदा संपलेली असते, त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटतं. तिकीट बंद, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ऐन हिशेबाच्या दिवसांत काम अडून राहिलं, पण लॉग उघडून बघावा असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही. याचा राग अजून आहे.

माझं मत ठाम आहे: 3389 इंटरनेटवर उघडा ठेवूच नका. व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा खाजगी, सुरक्षित बोगदा, लावा, त्यातूनच आत जा. नुसता पोर्ट क्रमांक बदलून भागत नाही, उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर नवा क्रमांकही शोधतात. घरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) स्थिर असेल तर फायरवॉलच्या नियमात तेवढाच घातला तरी चालेल. नियम बदलण्याआधी मात्र कंपनीच्या पॅनेलमधला कन्सोल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपशिवाय सर्व्हरवर जायची वाट, चालतोय ना ते बघा, नाहीतर दार आपल्याच तोंडावर बंद व्हायचं. लॉकआउट पॉलिसीच, म्हणजे खातं लॉक करण्याचा नियमच, काढून टाका असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. बॉटना मोकळं रान मिळेल.

मी नेटवर्कमधला तज्ज्ञ नाही, हे अनुभवाचे बोल समजा. सर्व्हर डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये) असेल तर पॉलिसी वरून येते, तिथे तुमच्या ॲडमिनला विचारूनच हात घाला.

जाता जाता: काम संपलं की फुली मारून खिडकी बंद करू नका, साइन आउट करा. फुलीने सेशन मागे चालूच राहतं, आणि आरडीएस (जास्त जणांना एकदम जोडू देणारी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) न बसवलेल्या विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच सेशन मिळतात.

4625 च्या नोंदींत कोणतं नाव आणि कुठला आयपी दिसतो ते कळवा. दोन्ही तुमचेच निघाले, तर एखाद्या मशीनवर जुना पासवर्ड साठवलेला असेल. त्याचा इलाज वेगळा आहे, तो मग सांगतो.