एस्कलांटेच्या जुन्या नकाशात घळी का सापडत नाहीत

अमेरिकेतल्या युटा राज्यात एस्कलांटे नदी आहे. तिच्या खोऱ्याचा १८८० च्या दशकातला नकाशा उपग्रहचित्रावर ठेवला, तर शिखरं बरीचशी जुळतात पण बाजूच्या घळी गायब असतात, म्हणून मोजणी करणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हा आरोप त्यांच्यावर अन्याय करतो.

आधी प्रमाण बघा: १:२,५०,०००. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २५० फुटांच्या उंचीच्या अंतराने काढलेल्या, त्यामुळे दोनशे फूट खोल घळ दोन रेषांच्या मधे सहज हरवते.

दुसरं कारण नजरेचं. त्या काळी डोंगरमाथ्यावर प्लेन टेबल (तिपाईवरचा सपाट फळा, त्यावर कागद) मांडून, अलिडेडमधून (नेम धरायच्या पट्टीतून) शिखरावर नेम धरून रेघ ओढत. दुसऱ्या माथ्यावरून त्याच शिखराकडे दुसरी रेघ. दोन्ही छेदतील तिथे शिखराची जागा. मी शिकताना हे केलंय. पडताळणीसाठी तिसरी रेघ ओढली की तिन्ही एका बिंदूत मिळण्याऐवजी इवलासा त्रिकोण पडतो, मग फळा पुन्हा दिशेला लावायचा आणि सगळं परत. पण हे जमतं ते दिसणाऱ्या गोष्टीवर. खडकात खोल उतरलेल्या घळीचा तळ माथ्यावरून दिसतच नाही. मधला भाग डोळ्यांनी जोखून हातानेच रेखाटायचा.

आणि १८७२ पर्यंत तर ही नदीच नकाशावर नव्हती! कोलोरॅडो नदीची पाहणी करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल यांच्या मोहिमेतले लोक १८७१ मध्ये होड्यांतून तिच्या मुखासमोरून गेले, तरी ती लक्षात आली नाही. १८७१-७२ च्या हिवाळ्यात त्यांनी युटातल्या कनॅब गावाजवळ त्रिकोणीकरणासाठी (त्रिकोणांच्या कोनांवरून दूरच्या जागा ठरवण्यासाठी) आधाररेषा, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पहिली बाजू, मोजली. १८७२ मध्ये याच मोहिमेतल्या ए. एच. थॉम्पसन यांची तुकडी डर्टी डेव्हिल या दुसऱ्या नदीच्या मुखाशी ठेवलेली होडी आणायला खुष्कीच्या मार्गाने निघाली. ज्या पाण्याच्या कडेने चाललो तीच डर्टी डेव्हिल, असं त्यांना वाटत होतं. उंचावरून प्रवाहाची दिशा पाहिल्यावर ही नदी वेगळीच आहे हे उमगलं. वस्ती विरळ असली की ‘ही नदी कुठे जाते?’ हे विचारायला माणूसही भेटत नाही, हे विसरू नका.

तेव्हा नकाशा चित्रावर बसवताना नदीची वळणं धरू नका. त्रिकोणीकरणाची शिखरं धरा, निदान चार, आणि खोऱ्याच्या दोन्ही बाजूंची.