मुंबई की नवी मुंबई: पाण्याचा काठ कोणाचा सरस?

आपण विचारले आहे की मुंबई आणि नवी मुंबई या शेजारी शहरांपैकी निसर्ग आणि पाण्याचा काठ कोणाचा अधिक देखणा आहे, आणि आई-वडिलांना घेऊन दोन दिवसांसाठी आल्यास कुठे जावे. दादरचे आतेभाऊ एक सांगतात आणि वाशीचे मित्र दुसरेच, असेही आपण लिहिले आहे. माझे बालपण चेंबूरला गेले, नोकरी फोर्टात झाली आणि गेली अठरा वर्षे मी नेरुळला राहतो, त्यामुळे दोन्ही काठ माझ्या रोजच्या पाहण्यातले आहेत. माझे मत आधीच सांगतो. पाण्याजवळ बसायचे असेल तर मुंबईला तोड नाही. मात्र पाण्याचे चढणे-उतरणे, त्यातले जीवन आणि त्यामागचे डोंगर पाहायचे असतील, तर मी पाहुण्यांना नवी मुंबईतच नेतो.

या दोन शहरांची तुलना करताना लोक बहुधा समुद्राशी समुद्र ताडून पाहतात आणि तिथेच गफलत होते. मुंबईच्या पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे. नवी मुंबईला समुद्र नाही. तिच्या वाट्याला ठाण्याची खाडी आली आहे, जी खाली दक्षिणेकडे मुंबई बंदराच्या रुंद पाण्यात मिसळते. समुद्राला लाटा असतात, आवाज असतो आणि क्षितिज असते. खाडीला गाळ असतो, तिवरे असतात आणि दिवसातून दोन वेळा तिचे रूप पार पालटते.

मरीन ड्राइव्हबद्दल नवे काय सांगणार, असे वाटेल, तरीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा हा सुमारे साडेतीन किलोमीटरचा बाक समुद्रात भराव घालून तयार झाला, आणि त्याच्या काठाने १९३०-४०च्या दशकांत आर्ट डेको, म्हणजे गोलाई आणि सरळ रेषांची सजावट असलेल्या, शैलीच्या इमारती जवळजवळ एकाच उंचीने उभ्या राहिल्या; २०१८ साली या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो उगाच नव्हे. पण हा काठ खऱ्या अर्थाने सुंदर होतो तो त्याच्या कठड्यामुळे. तो रुंद आहे, बसल्यावर पाय सहज खाली सोडता येतात, दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी सातनंतरही उबदार लागतो, आणि तिथे बसण्यासाठी कोणालाही एक पैसाही मोजावा लागत नाही. निवृत्त न्यायाधीश, शिकवणीतून सुटलेली मुले आणि रात्रपाळीला निघालेला रखवालदार एकाच ओळीत समुद्राकडे तोंड करून बसलेले मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. सूर्यास्तासाठी जाणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने कठड्याच्या मधल्या भागातून तो थेट पाण्यात उतरताना दिसतो. मे-जूनमध्ये त्याच जागेवरून तो मलबार हिलच्या आड जातो आणि नवखा माणूस हिरमुसतो.

वरळी, वांद्र्याचे बँडस्टँड आणि कार्टर रोड हे याच घराण्यातले काठ आहेत. बँडस्टँडचे काळे खडक ओहोटीला उघडे पडतात तेव्हा पाहावेत. जुहूबद्दल मी काही लिहीत नाही. तिथली गर्दी मला सोसत नाही.

आता खाडीकडे येतो. हार्बर मार्गाची लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या पुलावर चढते, तेव्हा मोबाइलमध्ये बुडालेली माणसेही क्षणभर मान वर करतात. १९९२ साली हा रेल्वेमार्ग वाशीपर्यंत सुरू झाला, तेव्हा आम्ही चेंबूरची मुले केवळ पूल ओलांडण्यासाठी तिकीट काढून जात असू. भरतीच्या वेळी पुलाखाली पाण्याचा मोठा सपाट पट्टा दिसतो, आणि ओहोटीला तिथेच करड्या गाळाचे चकाकणारे माळ उघडे पडतात. वाशीच्या सागर विहारला किंवा नेरुळच्या जेट्टीजवळ ओहोटीच्या सुरुवातीला पाच मिनिटे न बोलता उभे राहिल्यास त्या गाळाला जाग आल्यासारखे वाटते. बिळांतून इवले खेकडे बाहेर येऊन एकच मोठी नांगी हलवू लागतात. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे ते मासे, शेपटीच्या जोरावर तिवरांच्या वर आलेल्या मुळ्यांपर्यंत जातात. माझ्या शेजारच्या कोळी कुटुंबातील आजी मला म्हणाल्या होत्या, "दर्याला विचारावं लागतं, खाडी आपनच सांगते." त्यांचे सांगणे मला दर ओहोटीला पटते.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत याच गाळावर फ्लेमिंगो उतरतात, ज्यांना मराठीत रोहित म्हणतात. मान उलटी करून, वाकडी चोच गाळात फिरवत ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आपल्याला ते पाहायचे असतील तर येण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे, कारण येथे घड्याळापेक्षा चंद्राची तिथी महत्त्वाची असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या भरतीत गाळ पूर्ण बुडतो आणि हे पक्षी उठून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत येऊन उभे राहतात. तेव्हा साध्या दुर्बिणीतूनही त्यांच्या पंखांखालचा लाल-काळा पट्टा स्पष्ट दिसतो. या पाणथळ जागांवर बांधकामाचा डोळा आहे, त्यांत भरतीचे पाणी शिरण्याच्या वाटा बुजल्या की काही महिन्यांत त्या कोरड्या पडतात, आणि मला या शहराबद्दल सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

नवी मुंबईच्या काठाची उणीवही सांगायला हवी. पाम बीच मार्ग खाडीला लागून जातो, पण तिवरांच्या दाट रांगेमुळे गाडीतून पाणी फारसे दिसत नाही. हे शहर बऱ्याच अंशी खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीवर, भराव घालून वसवलेले असल्याने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवण्यासाठी मोठे होल्डिंग पाँड खोदावे लागले, आणि आज लोक ज्या तळ्यांभोवती सकाळी फेऱ्या मारतात त्यांतील कित्येक मुळात हेच आहेत. चालायला ती छान आहेत. परंतु मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जशी तासभर निवांत बैठक जमते तशी तिथे जमत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखू लागल्यावर मी तिला नेरुळहून लोकलने सीएसएमटीला आणि तिथून टॅक्सीने त्या कठड्यावर नेत असे, घराजवळ खाडी असूनही.

डोंगरांच्या बाबतीत मात्र नवी मुंबई पावसाळ्यात निर्विवाद पुढे असते. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकची रांग व खारघरचे डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत हे शहर वसले आहे. जुलैमध्ये बेलापूरच्या कोणत्याही गच्चीवरून पाहिल्यास दगडखाणींच्या जखमांवरसुद्धा हिरवे पांघरूण आलेले असते, आणि खारघरचा पांडवकडा धबधबा दुरूनही पांढऱ्या दोरीसारखा दिसतो. धबधब्याखाली जाण्याचा आग्रह धरू नये. अपघातांमुळे पावसाळ्यात तिथे बहुधा बंदी असते. मुंबईकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, कान्हेरी लेणी आणि विहार-तुळशी हे तलाव आहेत, पण तिथे मुद्दाम जावे लागते, तर इकडे भाजी आणायला निघालो तरी डोंगर समोर असतो.

शेवटचा मुद्दा आपल्या आतेभावांसाठी. नवी मुंबईची खाडी म्हणून ज्या पाण्याला ते नावे ठेवतात, त्याचा दुसरा काठ मुंबईचाच आहे. कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा दीडशे वर्षे बंदराच्या गोद्या, गोदामे आणि भिंतींमागे राहिला, त्यामुळे गेटवे आणि भाऊचा धक्का सोडल्यास सामान्य मुंबईकराला तिकडचे पाणी ठाऊकच नाही. शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो पाहायला गेलात, तर जिथून जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू निघतो तो हाच काठ आहे. मुंबईने हा किनारा लोकांसाठी मोकळा केला, तर माझे वर दिलेले मत मला आनंदाने बदलावे लागेल.

आपल्या दोन दिवसांसाठी माझी सूचना अशी: पहिली संध्याकाळ मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घालवावी, दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ पाहून नेरुळला यावे, आणि सूर्य तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, टेकड्यांमागे जाईपर्यंत जेट्टीवर थांबावे. आई-वडिलांसाठी घडीची खुर्ची सोबत आणावी. तिथे बसायला फारशी जागा नाही.