कोरियन कर्मणी क्रियापदे : 'इ, हि, रि, गि' कोठे लावावे?

कोरियनमध्ये 'इ, हि, रि, गि' यांपैकी कोणता प्रत्यय कोणत्या क्रियापदाला लागतो आणि ते लक्षात कसे ठेवावे, असे आपण विचारले आहे. माझा अनुभव असा, की केवळ प्रत्यय पाठ करून हा विषय हाती लागत नाही. सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य मनात 'केले गेले', 'उघडले गेले' असे मांडून सगळीकडे 'जिदा' हे आपल्या 'जाणे'सारखे सहायक क्रियापद जोडत असे. 'दार उघडले' यासाठी मी 'मुनि यॉरॉजॉस्सॉयो' म्हणालो, तेव्हा माझ्या शिक्षिकेने शांतपणे 'मुनि यॉल्ल्यॉस्सॉयो' अशी दुरुस्ती केली.

त्यानंतर माझ्या ध्यानात आले, की या क्रियापदांचे खरे नाते 'जाणे' लावून होणाऱ्या आपल्या कर्मणी प्रयोगाशी नसून पाहणे–दिसणे, फोडणे–फुटणे, पकडणे–सापडणे अशा जोड्यांशी आहे. बोदा म्हणजे पाहणे, तर बोइदा म्हणजे दिसणे. दुत्ता म्हणजे ऐकणे, तर दुल्लिदा म्हणजे ऐकू येणे. 'ग्यॉंगछारि दोदुगुल जाबात्ता' म्हणजे पोलिसांनी चोराला पकडले, आणि 'दोदुगि ग्यॉंगछाल्हान्थे जाफ्यॉत्ता' म्हणजे चोर पोलिसांना सापडला. येथील 'हान्थे' आपल्या 'ला-ना' या प्रत्ययांसारखाच वागतो, ही मराठी माणसासाठी फार मोठी सोय आहे.

मात्र ही सोय सर्वत्र मिळत नाही. आपण 'मला डास चावला' म्हणतो, तर कोरियन माणूस स्वतःला कर्ता करून 'मोगिहान्थे मुल्ल्यॉस्सॉयो' (शब्दशः '[मी] डासाकडून चावला गेलो') म्हणतो, आणि असे प्रयोग सवयीनेच अंगवळणी पडतात.

प्रत्ययांपुरते सांगायचे तर धातूच्या शेवटी 'ल' असल्यास बहुधा 'रि' येतो (फाल्दा–फाल्लिदा, विकणे–विकले जाणे) आणि 'क' किंवा 'प' असल्यास बहुधा 'हि'. परंतु अपवाद पुष्कळ असल्यामुळे प्रत्येक जोडी पूर्ण वाक्यासह वहीत लिहिणेच मला अधिक भरवशाचे वाटते. वाक्य यासाठी, की हेच प्रत्यय प्रयोजकालाही लागतात: 'सानि बोयॉयो' म्हणजे डोंगर दिसतो, पण 'साजिनुल बोयॉ जुसेयो' म्हणजे फोटो दाखवा. क्रियापद दोन्हीकडे बोइदाच आहे. दिसणे की दाखवणे, हे नामाला कर्त्याचा 'इ/गा' लागला आहे की कर्माचा 'उल/रुल', यावरून कळते.

ज्यांना हे प्रत्यय लागत नाहीत, अशा अनेक धातूंना 'ऑ/आ जिदा' लागतो. राजा सेजोंगने 1443 मध्ये तयार केलेल्या आणि 1446 मध्ये जाहीर केलेल्या हान्गुल या कोरियन लिपीविषयी पुस्तकात 'हान्गुलुन सेजोंगदेवांगए उइहे मान्दुरॉजॉत्ता' असे वाक्य आढळेल, परंतु बोलताना 'सेजोंगने हान्गुल तयार केली' ही साधी कर्तरी रचनाच अधिक स्वाभाविक वाटते. शिवाय बोइदाला पुन्हा 'जिदा' जोडून केलेले बोयॉजिदा कानावर पडले, तरी लेखनात ते दुहेरी कर्मणी म्हणून चूक मानले जाते. तेथे बोइदाच लिहावे.