आठवणच चुकीची निघाली, मग लिहून काय उपयोग?

‘मॅडम, हे सगळं मी मनानंच रचलंय की काय?’ वही टेबलावर ठेवत ती म्हणाली. आठवणी लिहायला बसलेली माणसं हा प्रश्न मला हमखास विचारतात. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ती तिशीतली, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत वाढलेली. तक्रार अशी की कुणाची मदत घेताच येत नाही. ताप अंगावर काढायचा, गॅसची टाकी एकटीनेच ओढायची आणि रात्री ‘मला कुणी विचारत नाही’ म्हणून रडायचं. मी तिला लहानपणीचा एखादा प्रसंग लिहायला सांगितला. तिने २००५चा महापूर लिहिला. तेव्हा ती अकरा वर्षांची. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलेलं. वडिलांनी धाकट्या भावाला खांद्यावर घेतलं आणि तिला म्हणाले, ‘तू चल चालत, मोठी हाईस न्हवं?’ कमरेएवढं पाणी, त्यावर रॉकेलचा तवंग, पायाला काय लागतंय ते दिसत नाही. कोपऱ्यावर केशरी कपड्यांतले जवान बोट घेऊन उभे.

हे तिने भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘ताई, केशरी कपडेवाले २०१९ला आल्ते.’ त्याचं बरोबर होतं. हे केशरी कपड्यांतलं एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, मुळात २००६ साली उभं राहिलं. दोन पूर तिच्या मनात एकमेकांत मिसळले होते. ती पार हादरली. जवान खोटे, तर बाबांचं बोलणंही खोटंच का?

आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना नंतरचे तुकडे आत शिरतात. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आठवण अशी घडत असते हे १९३२ सालीच मांडलं. म्हणूनच वहीतल्या मजकुरावरून कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, याबाबत मी फार काटेकोर आहे. पण ‘आपल्याला कुणी उचलणार नाही’ ही खूणगाठ त्या मुलीने केव्हातरी बांधली होती आणि ती तिच्या रोजच्या वागण्यात मला दिसत होती. ती सोडवायला जवानांच्या कपड्यांचा रंग बरोबर असायची गरज नव्हती.

मी तोच प्रसंग पुन्हा लिहायला सांगितला. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची. त्यांच्या १९८६च्या प्रयोगात, घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं असं दोन्ही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहिल्यावर लगेच जड वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तिलाही पहिले दोन दिवस रडू आलं. असं होईल हे मी आधीच सांगून ठेवते. झोप उडाली, हातपाय गार पडायला लागले, तर वही मिटायची आणि मला फोन करायचा, हेही ठरलेलं असतं. अत्याचाराच्या आठवणी तर एकटीने उकरायला बसूच नये.

चौथ्या दिवशी वहीत एक नवं वाक्य आलं. ‘बाबांच्या दुसऱ्या हातात, डोक्याच्या वर धरलेलं माझं दप्तर.’

ती हरखून गेली. मी सावध झाले, कारण मनाला जे हवं असतं ते मन कधी कधी आणूनही देतं. म्हटलं, आईला विचार, पण दप्तराचं नाव काढू नकोस. कोण कसं चाललं होतं ते आईला काहीच आठवेना. एवढंच म्हणाली, ‘शाळेत आसरा घेतलेला तिथं सगळं वाळत घातलं होतं. तुझ्या वह्या तेवढ्या कोरड्या होत्या बघ.’

यावरून बाबांची माया सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. खांद्यावर न घेतल्याचं दुःखही पुसलं गेलेलं नाही, आणि ते पुसायची घाई करू नये असंच मी तिला सांगितलं.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. पहिल्याच दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, ‘मला दवाखान्यात सोड.’ गाडीवर मागे बसल्यावर हात कुठे ठेवावेत कळेना, असं तिने वहीत लिहिलंय. दीडच ओळ आहे.