स्नेहमेळाव्यात भेटलेल्या मुलाविषयी

सोलापूर

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. शाळेच्या स्नेहमेळाव्यात पुन्हा भेटलेल्या वर्गमित्राशी लग्नाचा विचार करावा का, हा तुझा प्रश्न वरवर दोघांपुरता वाटत असला तरी त्यात तीन माणसे गुंतलेली आहेत, आणि तिसऱ्याचा उल्लेख इतक्या लांबलचक पत्रात तू अवघ्या एका वाक्यात उरकला आहेस, म्हणून मी त्याच्यापासूनच सुरुवात करते. पुण्याच्या ज्या स्थळाकडची मंडळी तुला पाहून गेली, ज्या मुलाला तू नंतर एकटीने भेटलीस आणि ज्याला 'दिवाळी झाली की कळवते' असे सांगितलेस, तो मुलगा अजून तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे. दिवाळी होऊन महिना उलटत आला. तुझा वर्गमित्र जोडीदार म्हणून योग्य आहे की नाही, याचा निकाल लागायला कितीही वेळ लागो, या मुलाला मात्र याच आठवड्यात खरे सांगितले पाहिजे. तपशील देण्याचे बंधन तुझ्यावर नाही. 'माझ्या मनात दुसऱ्या एका व्यक्तीचा विचार सुरू झाला आहे, त्यामुळे तुम्ही माझ्यासाठी थांबावे अशी माझी अपेक्षा नाही' एवढे पुरेसे आहे, आणि ते मध्यस्थाकडून न जाता तुझ्या तोंडून गेलेले बरे. इकडचे जमले नाही तर तिकडचे हाताशी असू द्यावे, असा हिशेब तू मुद्दाम करत नसशील, परंतु गप्प राहिलीस तर होतो तो हाच हिशेब.

आता मेळाव्याविषयी. निवृत्त शिक्षकांना अशा मेळाव्यांची आमंत्रणे फार येतात. शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली की बोलण्याचे काम थोडे आणि पाहण्याचे काम पुष्कळ उरते, आणि मी पाहत असते. दहावीला पंचवीस वर्षे झालेली माणसे आपला मधुमेह, घराचे हप्ते आणि मुलांचे प्रवेश सोबत घेऊन येतात, त्यामुळे जुनी ओळख निघाली तरी ती चहाच्या कपाबरोबर संपते. तुमच्या तिशीच्या वर्गात मात्र कित्येकांचे संसार अजून ठरायचे आहेत, आणि म्हणून हसण्याखिदळण्याच्या आड एकमेकांचा अंदाज घेणे चाललेले असते. जुन्या पद्धतीने हजेरी घेताना तुम्हा दोघांची नावे मुद्दाम लागोपाठ पुकारली गेली, छायाचित्राच्या वेळी तुम्हाला शेजारी ढकलले गेले, आणि त्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर काय काय लिहिले गेले ते तूच कळवले आहेस.

हे सारे प्रेमापोटी झाले यात शंका नाही. परंतु तुमची गोष्ट पूर्ण व्हावी ही इच्छा मुळात वर्गाची आहे, हे ध्यानात घे. त्या गोष्टीत त्यांचाही वाटा होता: एकीने चिठ्ठ्या पोचवल्या, एकाने सायकलींच्या स्टँडपाशी पहारा दिला, आणि आज तुम्ही एकत्र आलात तर त्या सर्वांना आपल्या शाळेतल्या दिवसांचे काहीतरी सार्थक झाल्यासारखे वाटणार आहे. त्यांचे काम लग्नाच्या जेवणापाशी संपते आणि तुझे तिथून पुढे सुरू होते. म्हणून निदान काही महिने तरी या विषयातले एक अक्षरही गटावर जाऊ देऊ नकोस, आणि ज्या मैत्रिणीने तेव्हा चिठ्ठ्या पोचवल्या तिला आता पुन्हा मध्ये घेऊ नकोस. ती मुलगी मोठी गोड आहे, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे मी तिला शिकवत असल्यापासून जाणते.

'हे प्रेम आहे की नुसती आठवण आहे' असे तू विचारतेस. आठवणींविषयी मानसशास्त्रात एक गोष्ट चांगली तपासली गेली आहे: अप्रिय प्रसंगांशी जोडलेली भावना, प्रिय प्रसंगांशी जोडलेल्या भावनेच्या मानाने सामान्यतः लवकर ओसरते. प्रसंग आठवतो, त्याचा डंख तेवढा राहत नाही. माणसाला पुढे जगता यावे म्हणून ही सोय उत्तमच आहे, पण जोडीदार निवडताना ती फसवू शकते. तुझ्या पत्रात त्याने तुझ्यासाठी उतरवून दिलेली प्रमेयांची वही आहे (ती वही कोणाच्या अक्षरात आहे हे आम्हा शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक होते), सहलीच्या बसमधली खिडकी आहे, कंबर तलावाकाठची संध्याकाळ आहे. अकरावीला तू पुण्याला गेल्यावर त्याने तुझ्या एकाही निरोपाला उत्तर दिले नाही, हे मात्र कुठेही नाही. मला ते माहीत आहे, कारण त्या सुट्टीत तू माझ्या घरी येऊन रडली होतीस.

त्याविषयी त्याला एकदा विचार, आणि समोर बसून विचार; रात्री दीड वाजेपर्यंत चालणाऱ्या संदेशांतून नको. मेळाव्यात तो 'परिस्थितीच तशी होती' एवढेच म्हणाला, असे तू लिहितेस. परिस्थिती खरोखरच तशी असू शकेल, कारण सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती फारसे काही नसते आणि त्या वयातल्या त्याच्यावर आज खटला चालवण्यात मला रस नाही. परंतु आता तो तिशीचा गृहस्थ आहे. अवघड गोष्ट तो तुला पूर्ण वाक्यांत सांगू शकतो की अजूनही परिस्थितीच्या आडोशाला उभा राहतो, हे तुला कळले पाहिजे, कारण कर्ज, आजारपण, भावाशी झालेले भांडण अशा गोष्टी संसारात एकमेकांना वारंवार सांगाव्या लागतात. त्याचे उत्तर ऐकताना तो तेव्हा चुकला की नाही यापेक्षा तो आज कसा सांगतो याकडे लक्ष दे.

तू त्याला ओळखतेस असे तुला वाटते. तू ओळखतेस तो पंधरा वर्षांचा एक हुशार, लाजरा मुलगा, आणि त्यालाही तुझ्याविषयी तेवढेच ठाऊक आहे. मधल्या काळात तू पुण्यात नोकरी धरलीस, स्वतःचे पैसे स्वतः खर्च करायला शिकलीस, एकटीने घर भाड्याने घेऊन राहिलीस; तो इथेच राहिला आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना सांभाळू लागला. तेव्हा त्याच्याकडे, ज्याची शिफारस खात्रीच्या माणसाकडून आली आहे अशा नव्या स्थळाकडे पाहावे तसे पाहा. पुण्याच्या मुलाला तू पगार, कर्ज, आईवडिलांची जबाबदारी, मुलांविषयीची इच्छा असे सर्व विचारलेस. यातले काहीही तू याला अजून विचारलेले नाहीस, कारण ते विचारणे तुला अपमानास्पद वाटते. मला ते अत्यंत आवश्यक वाटते.

त्यातही मुख्य प्रश्न राहण्याचा आहे. सोलापूर सोडून पुण्याला येणे त्याला जमणार नाही, असे तो बोलता बोलता म्हणाला आणि ते वाक्य तू पत्रात कंसात लिहिले आहेस. ते कंसाबाहेर काढ. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, उभी राहिली. नंतर आणखी गिरण्या आल्या, भरभराटल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या. त्या पडझडीनंतरही या गावात कापड विणले जाते ते त्याच्यासारख्या घरांनी यंत्रमाग चालू ठेवले म्हणून. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकनाने सुताचा भाव उतरत नाही आणि विजेचे बिलही भरले जात नाही. मागाजवळ मालक रोज उभा असावाच लागतो. म्हणजे तो हट्टाने नाही म्हणतो असे नव्हे, त्याचा व्यवसायच तसा आहे. मग तू येणार का? तुझ्या कंपनीत घरून काम करण्याची परवानगी कायमची मिळेल की वरिष्ठांच्या मर्जीपुरती, हे लेखी विचारून घे. पुणे आणि सोलापूर यांत अडीचशे किलोमीटरचे अंतर आहे. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून चारेक तासांत पुणे गाठता येते आणि संध्याकाळच्या गाडीने परतता येते, त्यामुळे आठवड्याला ये-जा करणारी जोडपी माझ्या पाहण्यात आहेत. माझे निरीक्षण असे की पहिले मूल होईपर्यंत ते ठीक चालते, आणि त्यानंतर दोघांपैकी एकाची नोकरी सुटते. ती कोणाची सुटते हे तुला सांगायला नको.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला ये, असे त्याने सुचवले आहे. अवश्य ये. नंदीध्वजांचे दर्शन घे, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी उभी राहा. त्या भेटीवरून मात्र काहीही ठरवू नकोस, कारण होम मैदानावर पाळण्यांच्या उजेडात कोणीही आवडते. त्याखेरीज एखाद्या साध्या बुधवारी रजा काढून ये आणि दिवसभर त्याच्या कामात व्यत्यय न आणता त्याच्याबरोबर राहा. मागावरच्या कामगाराने माल बिघडवला तर तो त्याच्याशी कसा बोलतो, चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याकडे थकलेले पैसे मागताना त्याचा सूर कसा असतो, दुपारचा डबा तो कोणाबरोबर खातो, हे पाहा. त्याच्या घरी जायचे झाले तर नळाला पाणी येण्याचा दिवस साध. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे पुण्याला गेल्यापासून तू विसरली असशील. त्या दिवशी पिंपे कोण भरते, कोणाला उठवावे लागते आणि कोण पांघरूण ओढून पडून राहते, यावरून घराची जेवढी माहिती मिळते तेवढी बिस्किटांच्या बशीसमोर बसून कधीच मिळत नाही.

त्या घरात तेलुगू बोलतात आणि तुझ्या घरात मराठी, याची तुला धास्ती वाटते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या गावात पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदतात, तरी शेजारी राहणे वेगळे आणि एका स्वयंपाकघरात राहणे वेगळे, हेही खरे आहे. भाषा तुला दोन वर्षांत येईल, तू हुशार आहेस. त्याच्या आईला तू शिकायला हवी आहेस की मुळातच नको आहेस, एवढे आधी समजून घे आणि ते त्याच्याकडूनच समजून घे. कायद्याची अडचण म्हणशील तर काहीच नाही. तुम्ही दोघेही हिंदू असल्यामुळे जात वेगळी असली तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार विधिवत लग्न होऊ शकते. नोंदणी पद्धतीने करायचे ठरले तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. ती वाचून कोणीतरी तुझ्या वडिलांना रस्त्यात थांबवून सांगावे, अशी वेळ येऊ देऊ नकोस.

पत्राच्या शेवटी तू तुमच्याच वर्गातल्या आणखी एका जोडीविषयी लिहिले आहेस. ती दोघेही विवाहित आहेत आणि मेळाव्यानंतर चोरून भेटू लागली आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो येथे मानसशास्त्र शिकवणाऱ्या नॅन्सी कॅलिश यांनी १९९० च्या दशकात, एकदा दुरावून पुन्हा जवळ आलेल्या हजारावर लोकांची माहिती गोळा केली होती. त्यांतले बहुतेक एकत्र टिकलेले आढळले, आणि हा आकडा लोक फार उत्साहाने सांगतात. परंतु ती माहिती आपण होऊन पुढे आलेल्या लोकांची होती, आणि ज्यांचे लग्न झाले आहे त्यांनी जुन्या प्रेमाचा शोध घेऊ नये, असा इशारा याच बाई पुढे देत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही असा निर्णय दिला, तरी घटस्फोटाचे ते कारण आजही आहे. त्या जोडीतल्या मैत्रिणीला तू काय सांगावेस? एकदा स्पष्ट सांग, आणि तिच्या भेटींसाठी तुझे पुण्यातले घर देऊ नकोस.

आता राहिली तुझी विनंती. तुझ्या आईवडिलांशी मी बोलावे, असे तू म्हणतेस. वडील माझा शब्द मानतात हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी इतक्यात बोलणार नाही. पुण्याच्या मुलाला उत्तर गेले, राहण्याचा प्रश्न तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून बोललात आणि त्यानंतरही तुझे मन तिथेच राहिले, तर आधी तू स्वतः त्यांच्याशी बोल. पहिला राग तुझ्यावर निघाला तर निघू दे. त्यानंतर त्यांना काही विचारावेसे वाटले तर ते मला फोन करतील, आणि त्या मुलाविषयी मला जे चांगले ठाऊक आहे ते मी त्यांना जरूर सांगेन. त्यात प्रमेयांच्या वहीचाही उल्लेख करीन, कारण तिच्यातली एकही सिद्धता त्याने अर्धवट सोडलेली नव्हती.

तुझ्या,
बाई